गोदूबाईंचं आकाशी पिल्लू

...आणि मग देवरामने बॅटरी मागितली, इथवर काल आलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो. देवराम म्हणजे आमच्या मानपाड्यातला पाखरांचा माणूस. रंगाच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि सगळी गॅलरी पिंजऱ्यांनी भरून टाकली. आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो त्याला तो बजी म्हणतो, आणि आपण नुसतं हिरवं-पिवळं म्हणून सोडून देतो तिथे लुटिनो, सिनामन, स्पँगल असली नावं घेतो. ठाण्याच्या प्रदर्शनातून कप आणल्यापासून तर माणसंही तशीच पारखायचा. आमच्या शेजारच्या सुधीरच्या लग्नात नवरीला बघून म्हणाला, "नॉर्मल हिरवी." नवरीची आई अजून त्याच्याशी बोलत नाही. हसता हसता माझी कवळी निसटली होती!

तर बॅटरी मागितली ती गोदूबाईंच्या घरी. त्यांचे यजमान महिपत गेले, मागे पाखरांची एक जोडी ठेवून. नर आकाशी, मादी हिरवी. नर महिपतच्या खांद्यावर बसून 'गोदू, चहा' म्हणायचा. महिपतमागोमाग तोही गेला. पण मडक्यात अंडी होती, त्यातून पाच पिल्लं निघाली. बाईंचं एकच म्हणणं, एक तरी बापासारखं आकाशी निघू दे.

"भावजी, आकाशी कुठलं तेवढं सांगा."

देवरामने उघडीवाघडी पिल्लं तळहातावर घेतली. डोळे मिटलेले, पण बॅटरी धरली की पापणीतून आतला रंग दिसतो. दोघांचे तांबूस दिसले. देवराम उडालाच.

"वहिनी, लाल डोळा! लुटिनो! पिवळंधमक निघणार, कप आणणार! आकाशीचं काय घेऊन बसलात?"

"आणि बाकीची तीन?"

"काळ्या डोळ्यांची. खोगीरभरती. नर नाही, एकटी मादी पाचांना भरवणार कशी? या दोघांच्या तोंडचं जाईल."

बाई "अहो, पण..." म्हणेपर्यंत त्याने तिघांना पाण्याच्या बादलीत सोडलं आणि हात टॉवेलला पुसले. एक जरा वेळ तरंगलं. देवरामने चहात साखर मागून घेतली.

आठवड्याने त्या दोघांचे डोळे उघडले. काळेभोर! सिनामनचं पिल्लू तांबूस डोळ्यांनीच जन्मतं, आणि पुढे डोळा काळा पडतो. हे देवराम साऱ्या डोंबिवलीला शिकवायचा, पण डोक्यात दुसरा कप शिरला की शिकवलेलं कुठलं आठवतं? पुढे पिसं आली तीही हिरवीच, नुसत्या काळ्याऐवजी तपकिरी रेघांची.

गोदूबाई पिंजरा घेऊन त्याच्या गॅलरीत आल्या. मी तिथेच शेंगा सोलत बसलो होतो. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. पिंजरा खाली ठेवला आणि विचारलं, "भावजी, त्या तिघांत आकाशी होतं का हो?"

मी डोळ्यांनी खुणावतोय, नाही म्हण, मेल्या, नाही म्हण! देवराम एका पिल्लाचा पंख पसरून रेघा बघत होता. मान वर न करता म्हणाला,

"असणारच. या जोडीला निम्मी आकाशीच निघतात, आणि या दोघांत तर एकही नाही. पण वहिनी, आकाशीला आता विचारतं कोण?"