केसांना कळलेली लाट

वेधशाळेत त्यांना सगळे तक्तेवाले म्हणत. दर सोमवारी सकाळी ते दमटपणा मोजणाऱ्या यंत्राचं झाकण उघडत, फिरत्या नळकांड्यावरचा कागद बदलत, टाकात शाई भरत. यंत्राच्या पोटात माणसाच्या केसांची एक जुडी ताणलेली होती. हवा ओलावली की केस लांबत, टाक वर चढे. हवा सुकली की खाली उतरे. ते केस त्यांच्या बायकोचे होते. पंचवीस वर्षांपूर्वीचे, काळेभोर.

रोज दुपारी ऊन तापलं की रेघेत खड्डा पडे. पण पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी तो उथळ होई, मग पुन्हा खोल. कागद शेजारी शेजारी मांडले की कळे, वरच्या हवेत लाटा चालल्या आहेत. शेकडो मैल लांब, कुठल्याशा समुद्राची ओल पाठीवर घेऊन. डोळे मिटले की तक्तेवाल्यांना वाटे, तो समुद्र हळूहळू तिच्या केसांतून जातो आहे.

यंदा मात्र सगळे खड्डे सारखेच पडू लागले. शेजारचं विजेवरचं यंत्र लाटा दाखवी, हे दाखवीना.

"केस थकलेत," अधिकारी बाई म्हणाल्या. "पुढची लाटही चुकली, तर हे भंगारात."

घरी त्यांनी बायकोपुढे कात्री धरली.

"आता आठवण झाली होय!" ती म्हणाली. "काळे होते तेव्हा पुन्हा फिरकलाही नाहीत. पांढऱ्यांना कळेल का काही?"

"रंगाचं काय घेऊन बसलीस? ओल ओळखता आली म्हणजे झालं."

"अहो, मग तुमच्या टकलावरचे घ्या ना चार!"

पण मान तिनेच वाकवली.

स्पिरिटने धुतलेली पांढरी जुडी यंत्रात बसली. चौथ्या दिवशी दुपारी बायको स्वतःच वेधशाळेत येऊन उभी राहिली. बाहेर ऊन होतं, ढगाचा पत्ता नव्हता. विजेवरच्या यंत्राचा आकडा उतरता उतरता थांबला, वर सरकू लागला. टाक खालीच. बाई घड्याळ पाहत होत्या.

मग टाक थरथरला, आणि झोपेतून उठल्यासारखा चढू लागला.

"आला, पण उशिरा," बाई हसल्या. "राहू दे यंत्र."

"उशीर व्हायचाच," तक्तेवाले म्हणाले. "केस कुणाचे आहेत! लग्नातही तासभर ताटकळत ठेवलं होतं हिने."

ती हसली नाही. डोक्यावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली.

"मला तर काहीच जाणवलं नाही हो," ती हळूच म्हणाली.