कंट्रोल-सी आणि बाहेरचं कुलूप

नाटकात दरवर्षी माझ्या वाट्याला एकच वाक्य यायचं, आणि मागच्या साली तेही मी विसरलो होतो.

लाखांदूरच्या अलीकडे आमचं गाव. दिवाळी झाली की तिथे मंडई भरते, म्हणजे आमच्याकडची जत्रा. दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक. नाटकाचे सर्वेसर्वा माझे मामा. त्या वर्षीच्या नाटकात शेवटच्या अंकात राजकन्या विषाचा पेला ओठांशी नेते, तेवढ्यात दारावर थाप पडते आणि बाहेरून एक शिपाई ओरडतो, "दार उघडा महाराज, राजपुत्र जिवंत आहेत!" तो शिपाई मी. मी पोचलो नाही तर राजकन्येला विष पिण्यावाचून इलाज नव्हता. मामांनी आधीच बजावलं होतं, "यंदा घोटाळा केला ना गा भासा, तं मंडईले तोंड दाखवू नोको."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी भंडाऱ्याला एका कचेरीत कॉम्प्युटर चालवायला लागलो होतो, तेही अजून कायम न होता. गावात अर्ध्या लोकांना मी भातगिरणीत मशीनवर आहे असं वाटे, आणि मी तो गैरसमज तसाच राहू दिला होता. समजावून सांगायचं म्हटलं तर मला तरी कुठे समजलं होतं?

आमच्या खोलीत दोन यंत्रं होती. खरी मोठी मशीन काचेच्या आड, थंडगार हवेत, सासरी आलेल्या मोठ्या जावयासारखी बसलेली. माझ्या टेबलावर छोटा पीसी. त्यावर एक प्रोग्रॅम सुरू केला की पीसी स्वतःला विसरून जायचा आणि मोठ्या मशीनचा टर्मिनल असल्याचं सोंग घ्यायचा. बोलणार ती आतली मशीन, ओठ हलवणार हा. मी बटणं दाबायचो ती यानं नुसती पुढे पोचवायची.

पहिल्याच आठवड्यात या सोंगानं मला रडवलं. नागपूरच्या क्लासमध्ये अक्षर चुकलं की बॅकस्पेस दाबायचं, ते पुसलं जायचं. इथे बॅकस्पेस दाबलं की अक्षर राहायचं बाजूला, चालू असलेलं अख्खं काम मधूनच तुटायचं. आमचे साहेब पुण्याकडचे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या बटणाच्या वाटेला जाऊ नका हो. खोडायचं असेल तर ते जाळीसारखं चिन्ह टाइप करा." डोक्यानं ऐकलं, बोटानं ऐकलं नाही. तीनचारदा दिवसभराची मेहनत गेल्यावर मी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणली आणि त्या बटणावर आडवी-उभी चिकटवून टाकली. जखमी बटण. नंतर बोटांनी त्याला ओलांडून जायची सवय करून घेतली आणि मी ते विसरलो.

मंडईचा दिवस शनिवारी आला. कचेरी अर्धा दिवस. साहेब जेवून झोपायला बंगल्यावर गेले, बाकीचे आपापल्या घरी. माझी बस चारची. हाताशी वेळ होता आणि मनात वाक्याची धास्ती होती. तेव्हा मला ती अक्कल सुचली, जिला मी आजही अक्कलच म्हणतो, कारण दुसरा शब्द छापता येत नाही. मी मोठ्या मशीनवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तिनं माझं वाक्य इंग्रजी अक्षरांत पडद्यावर लिहायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा लिहायचं. आयता प्रॉम्प्टर! थांबायचं केव्हा हे मी तिला सांगितलं नाही. कंट्रोल-सी दाबलं की काहीही थांबतं, हे नागपूरला शिकलो होतोच.

DAR UGHADA MAHARAJ. DAR UGHADA MAHARAJ. पडदा खालून वर धावायला लागला. मी खुर्चीवरून उठून, टेबलावर थाप मारून, पाचपन्नास वेळा राजपुत्राला जिवंत केलं. समाधान झाल्यावर बसलो आणि ऐटीत कंट्रोल-सी दाबलं.

DAR UGHADA MAHARAJ.

जरा जोरानं दाबलं. मग दोन्ही हातांनी. डिलीट दाबलं, एस्केप दाबलं, वरच्या रांगेतली सगळी बटणं पेटीवर सूर शोधावा तशी दाबत गेलो. महाराज काही दार उघडेनात. कंट्रोल-एस दाबलं तेव्हा पडदा एकदम गोठला. जिंकलो! पिशवी उचलली, मशीनचा निरोप घ्यायचा शब्द टाइप केला. एक अक्षर उमटेना. कुठलंसं बटण आणखी दाबलं गेलं आणि तुंबलेलं पाणी पाटातून सुटावं तशी वाक्यं पुन्हा धो धो सुटली. म्हणजे ती थांबली नव्हती, नुसती श्वास धरून बसली होती.

मग मी पीसीच बंद केला. काळा, शांत पडदा. पण सोमवारी साहेबांनी तो लावला तर? खात्री करायला पुन्हा लावला, सोंगाचा प्रोग्रॅम सुरू केला, आणि तेच वाक्य, तेच महाराज. नटाला घरी पाठवून नाटक थोडंच बंद पडतं? नाटक आतल्या मशीनमध्ये चालू होतं. आणि तिचा वीजपुरवठा तोडणं म्हणजे मुदतीआधी नोकरी तोडणं, हे साहेबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

म्हटलं, साहेबांच्या बंगल्यावर जावं, पाय धरावेत. दाराशी गेलो. दार उघडेना. बाहेरून कुलूप!

आता ही करामतही माझीच. धुळीमुळे त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. दाराबाहेर जितके जोड तितकी माणसं आत, हा आमच्या चौकीदारकाकांचा हिशेब. बाहेर काही नसलं की ते कुलूप ठोकत आणि किल्ली सायकलनं बंगल्यावर पोचवत. त्या दिवशी मी शिपायाच्या सोंगासाठी घेतलेली जरीची नवी मोजडी पायात सैल करायला घालून आलो होतो. बाहेर ठेवली तर कोणी उचलून नेईल म्हणून पिशवीत घालून आत घेतली होती. हिशेबानं मी खोलीत नव्हतोच.

काचा पक्क्या बंद, थंड हवेच्या यंत्राची घरघर, आणि फाटकापाशी काकांचा ट्रान्झिस्टर. मी दारावर थापा मारत ओरडलो, "काका, दार उघडा! काका, दार उघडा!" मागे पडद्यावर तेच चाललं होतं. महाराजांच्या जागी काका, एवढाच फरक. ओरडून ओरडून घसा सोलवटला तेव्हा कुठे फटीतून आवाज आला.

"कोन हाये बे अंदर?"

"मी हो काका. उघडा ना!"

"बाबू? तुमी तं गेले ना!"

"गेलो असतो तर आतून बोललो असतो का?"

"मंग चपला कोठी हायेत?"

"पिशवीत."

काकांनी फटीला डोळा लावून बघितलं. मग म्हणाले, "चपला पिशवीत ठेवून मानूस खोलीत कायले बसते?"

"सोमवारी सांगतो. आधी किल्ली!"

"साहेबाले उठवा लागंल. थे सोताच येतीन, मले चाबी नाई देत सुटीच्या वक्ती."

साहेब स्वतः! काकांच्या सायकलची साखळी करकरत दूर गेली. मी पळत टेबलाशी आलो. बंगला फार लांब नव्हता. साहेब येणार, आणि सरकारी विजेवर चालणारं माझं नाटक बघणार. मग नोकरीही नाही, बसही नाही, आणि तिकडे राजकन्या पेला धरून उभी.

पुन्हा एकेक बटण दाबत सुटलो. डावीकडून उजवीकडे, एकही सोडायचं नाही असं ठरवून. रांग संपता संपता बोट आपोआप एका ठिकाणावरून उडी मारून पुढे गेलं. मी बोटाकडे बघितलं. मग त्या पांढऱ्या पट्टीकडे बघितलं.

याला हात लावायचा नाही, हे चालू काम तोडतं.

हे चालू काम तोडतं!

अरे गाढवा, दुपारपासून तू दुसरं काय शोधून राहिला? पट्टी नखानं निघेना, दातानं सोलली. बटण दाबलं. महाराजांचा 'मा' झाला आणि पडदा थबकला. खाली एक लहानसं डॉलरचं चिन्ह, पुढच्या हुकमाची वाट बघत, मुकाट. मी प्रोग्रॅम पुसून टाकला आणि खुर्चीत कोसळलो. तेवढ्यात कुलूप वाजलं.

साहेब झोपेतून उठलेल्या चेहऱ्यानं आत आले. स्वच्छ पडदा, मग दातांच्या खुणा असलेली पट्टी, मग माझ्या पिशवीतून डोकावणारी जरीची मोजडी. त्यांनी तिन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कंट्रोल-सी दाबत होतात ना?"

मी मान हलवली.

"इथे थांबवायचा इशारा वेगळा आहे. तुमच्या डिलीटमधून तो जात नाही, बॅकस्पेसमधून जातो. सांगायचं राहिलं." मग मोजडीकडे बोट दाखवून, "आणि हे?"

"मंडई आहे, सर. नाटक."

"मग बसलात काय? जा!"

चारची गेली होती. पुढची बस पवनीपर्यंतच. तिथून रेतीच्या ट्रकच्या टपावर बसून मी गावात शिरलो तेव्हा शेवटचा अंक अर्ध्यावर आला होता. मामांनी काही न विचारता माझ्या हातात भाला दिला आणि पाठीत बुक्की घातली. राजकन्येनं पेला उचलला. मी दारावर थाप मारली, तोंड उघडलं.

आवाजच नाही. घसा दुपारीच काकांना वाहिला होता.

पुन्हा थाप मारली. नुसती हवा. मागून मामा दात खाऊन पुटपुटले, "बोल ना बे!" मी बोलूच शकत नाही हे राजकन्येच्या ध्यानात आलं. तिनं पेला खाली ठेवला, स्वतः येऊन दार उघडलं आणि विचारलं, "शिपाया, सांग, जिवंत आहेत ना ते?" मी डोळ्यांत पाणी आणून मान हलवली. पाणी खरं होतं. मंडपातून शिट्ट्या आल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आनंदानं पोराची वाचा गेली वो माय."

पडदा पडल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं.

"काहून गा भासा, एवढं मशीन शिकला, अन् एक वाक्य नाई आलं तुले?"

मला खूप काही सांगायचं होतं. पण सांगायला आवाज नव्हता.