पन्नाशीला टेकलेली ट्रायम्फ

द्वारकेतल्या एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर भाऊसाहेब शिंत्रे राहतात. मूळचे मिरजेचे. दिल्लीत चौतीस वर्षं सरकारी नोकरी करून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या टेबलावर एके काळी जरा वेगळंच काम असे. परदेशी वकिलातींतली माणसं बदली होऊन मायदेशी निघाली की आपल्या मोटारी इथेच विकून जात, आणि त्या विक्रीचे कागद भाऊसाहेबांकडे येत. रंग, इंजिनाचा नंबर, किती माणसं बसतात, टप उघडतो की नाही, सगळं कागदावर. मोटार मात्र कधी आली नाही. पत्रमैत्रीतली माणसं जशी आपल्याला ठाऊक असतात, तशा त्यांना शेकडो मोटारी ठाऊक होत्या. इंग्लंडच्या, इटलीच्या, दोनच माणसं बसवणाऱ्या, जमिनीलगत धावणाऱ्या. त्यांपैकी एकीतही ते कधी बसले नव्हते.

लेक कादंबरी लग्न होऊन बंगळुरूला गेली, घर शांत झालं, आणि भाऊसाहेबांच्या मनात हे जुनं कुतूहल पुन्हा हलू लागलं. एक तरी मोटार आपली असावी. नवी नको, कागदांत भेटलेल्यांपैकी.

"तुमच्याकडची शिल्लक आहे ना, ती घाला त्यात," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पण संक्रांतीपर्यंत ठरवा. नाहीतर ते पैसे माझ्या स्वयंपाकघराला. ओट्याच्या फरश्या निघाल्यात, दिसत नाहीत तुम्हाला?"

चंद्रप्रभाबाई अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाल्या. म्हणजे नवऱ्याहून एक पायरी वर. नात्यातली माणसं यावरून भाऊसाहेबांना चिडवत, आणि ते हसून म्हणत, "बरोबर आहे, शेवटची सही तिचीच."

भाऊसाहेबांनी फाइल उघडली. खरीखुरी फाइल. डाव्या बाजूला हिरव्या नोटशीटवर टिपणं, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, वर विषय: 'जुन्या स्पोर्ट्‌स कारची खरेदी'. पहिली मोटार गुरुग्रामच्या एका शोरूममध्ये होती. लाल एमजी, सन त्रेपन्नची, लांब नाक, बाजूला टांगलेलं सुटं चाक. भाऊसाहेबांनी तिच्यावर पाच परिच्छेद लिहिले आणि शोरूमला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र धाडलं: मूळ कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांनी स्मरणपत्र पाठवलं.

शोरूमवाल्याने व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, "अंकल, लेना है तो आ जाओ, अगले हफ्ते रेट बढ़ेगा." भाऊसाहेबांनी त्या निरोपाची छापील प्रत काढून उजव्या बाजूला लावली, पान क्रमांक घातला आणि टिपण पुढे चालवलं. दर आठवड्याला किंमत वाढत होती. दिल्लीत अशा मोटारींची हौस अचानक फोफावली होती. जो तो म्हणे, सोन्यापेक्षा ही बरी. सातवा परिच्छेद लिहून होईपर्यंत एमजी जयपूरच्या कुणीतरी उचलून नेली.

"बाबा, यार, तुम्ही कार घेताय की चौकशी आयोग बसवलाय?" कादंबरी फोनवर खदखदून हसली. भाऊसाहेबही हसले, पण त्या रात्री ते जेवले कमी.

मग कृष्णात सरसावला. कृष्णात पाटील, सैन्याच्या वर्कशॉपमधून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. कागल तालुक्यातला, राहायला छावणीजवळ. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो. दर रविवारी भाऊसाहेबांकडे चहाला येतो.

"साहेब, पानिपतला एक हाय," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "जुनेजा म्हणून म्हातारं हाय, चादरींचा कारखाना. त्याच्या गोदामात पडलीया. ट्रायम्फ, स्पिटफायर. किंमत कमी सांगतोय."

"कमी का?"

"अडचण हाय म्हणून. पंधरा वर्षांच्या वरची पेट्रोल गाडी आपल्या भागात रस्त्यावर चालत न्हाई. पन्नास वर्षं झाली की विंटेज म्हणून नवी नोंदणी मिळती, मिरवणुकीला, प्रदर्शनाला काढता येती. हिला अजून दोन वर्षं कमी पडत्यात. तोवर ती ना धड म्हातारी, ना धड तरणी."

"पानिपतावर निघालात," चंद्रप्रभाबाई दारातून म्हणाल्या. "सांभाळून हो. आपल्या माणसांचा तिथला अनुभव काही बरा नाही."

या वेळी भाऊसाहेबांनी पत्र धाडलं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, धुकं निवळायची वाट बघून, दोघं कृष्णातच्या गाडीतून निघाले. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाऊन पानिपतला पोहोचायला दुपार झाली.

जुनेजाजी ऐंशीच्या घरातले, कानटोपी घातलेले. त्यांनी गोदामाचं दार उघडलं. सुताच्या गठ्ठ्यांमागे, चादरींच्या चळतीखाली काहीतरी बुटकं होतं. जुनेजाजींनी चादरी एकेक करून उचलल्या, झोपलेल्या लेकराच्या अंगावरून उचलाव्यात तशा. खाली गडद हिरवी, कमरेएवढीही उंच नसलेली मोटार. भाऊसाहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. कृष्णात बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला.

"बेटा कहता है गोदाम खाली करो," जुनेजाजी म्हणाले. "दिल्ली का नंबर अठहत्तर का है. दो साल और रुकूँ, तो विंटेज हो जाए. पर मैं रुकूँगा क्या दो साल?" आणि स्वतःच हसले.

"कागज हैं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

होते. एका जुन्या मिठाईच्या डब्यात. भाऊसाहेबांनी चष्मा बदलला, गठ्ठ्यावर बसले आणि वाचू लागले. आता ते दुसरेच भाऊसाहेब झाले. प्रत्येक कागद उलटून मागची बाजू बघत, तारखेवर बोट ठेवत. वकिलातीतल्या एका साहेबाने अठ्ठ्याहत्तरमध्ये जुनेजांना मोटार विकली, तेव्हा दिल्लीचा नंबर मिळाला. पण हे असे कागद भाऊसाहेबांनी हजार वेळा हाताळले होते. साहेबाने मोटार आणली ती मायदेशाहून, वापरलेली. म्हणजे तिथलं नोंदणीपुस्तक असणार. डब्याच्या तळाशी, दिवाळीच्या एका भेटकार्डाखाली, ते होतं.

"एकोणीस जानेवारी एकोणीसशे शहात्तर!" भाऊसाहेब इतक्या मोठ्याने ओरडले की कृष्णातचं डोकं बॉनेटला आपटलं. "जुनेजाजी, पहली नोंदणी विलायत की गिनी जाएगी! दो साल नहीं, दो हफ्ते! उन्नीस तारीख को इसके पचास पूरे!"

कृष्णातने लगबगीने येऊन त्यांच्या बुटावर बूट ठेवला. उशीर झाला होता.

जुनेजाजींनी पुस्तक हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग सावकाश म्हणाले, "तो भाऊसाब, दाम वही कैसे रहेगा?"

"नहीं रहना चाहिए," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना दुसरं काही बोलताच आलं नसतं. कागदात आहे ते आहे.

जुनेजाजींनी नवा आकडा सांगितला. बाजारभावाने तो वाजवी होता. भाऊसाहेबांच्या शिल्लकीच्या वर होता. "लोहड़ी तक आपके लिए रखता हूँ," जुनेजाजी म्हणाले. "आपने पढ़ा, आपका हक पहला. उसके बाद दिल्लीवालों को फोन करूँगा."

परतताना कृष्णातने सोनीपतपर्यंत दम धरला. मग त्याला राहवेना. "साहेब, मनातल्या मनात वाचता येत न्हाई व्हय तुमाला? पैसे मोजून दिल्यावर वराडायचं हुतं."

"चुकलं का माझं, कृष्णात?"

"चुकलं न्हाई." त्याने गिअर बदलला. "पण लई वंगाळ वाटलं बघा."

घरी आल्यावर भाऊसाहेबांनी फाइल काढली आणि नववा परिच्छेद लिहिला. सगळं जसंच्या तसं: तारीख, स्वतःचं ओरडणं, नवी किंमत, कमी पडणारी रक्कम. खाली लिहिलं, 'सबब प्रस्ताव बंद करावा व रक्कम स्वयंपाकघराकडे वळवावी. आदेशार्थ.' फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवून ते झोपायला गेले.

सकाळी चहा करताना चंद्रप्रभाबाईंनी ती वाचली. पहिल्या पानापासून. एमजीचं लांब नाक वाचून त्यांना गंमत वाटली. नवऱ्याने इतक्या वर्षांत आपल्याबद्दल एवढं कधी लिहिलं नाही, हेही मनात आलं. नवव्या परिच्छेदाशी मात्र त्या थांबल्या आणि तो दोनदा वाचला. मग फ्रिजवरचं पेन घेऊन त्यांनी लिहिलं: 'ओट्याचं काम एक वर्ष थांबू शकतं. कमी पडणारी रक्कम माझ्या ठेवीतून. मात्र प्रस्तावात एका बाबीचा विचार झालेला नाही. वाहनात दोनच जागा आहेत. त्यांपैकी दुसरी कुणाची? संबंधित व्यक्तीच्या गुडघ्यांची पाहणी झाल्याशिवाय मंजुरी देता येणार नाही.'

भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि कान लाल होईपर्यंत लाजले. खरंच, नऊ परिच्छेदांत दुसऱ्या जागेबद्दल एक शब्द नव्हता.

लोहडीच्या, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिघं पानिपतला गेले. चंद्रप्रभाबाईंच्या हातात तिळाच्या वड्यांचा डबा होता आणि काखेत फाइल. जुनेजाजींनी त्यांना रेवड्या दिल्या, त्यांनी वड्या दिल्या. कृष्णातने येताना बॅटरी आणली होती, ती तो जोडू लागला.

"एवढ्या खाली?" चंद्रप्रभाबाईंनी दार उघडून आत पाहिलं. "ही मोटार आहे की पाट?"

"अगं, आधी पाठ टेकव, मग पाय आत घे," भाऊसाहेब म्हणाले.

"तुम्ही बसलाय कधी?"

"नाही."

"मग गप्प बसा."

त्यांनी साडी सावरली, दाराला धरलं आणि एकदम धपकन आत गेल्या. क्षणभर नुसता अंबाडा दिसला. मग त्या हसू लागल्या. पुढचं लांबलचक हिरवं बॉनेट, वर सुताचे डोंगर, त्यामागे कानटोपीतले जुनेजाजी. "अहो, इथून सगळंच उंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "लहानपणी दिसायचं तसं. या ना."

भाऊसाहेब दुसऱ्या दाराने आत शिरले. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्यांनी सवयीने पुढच्या पट्टीवरचा चॅसिसचा नंबर वाचला. कागदाशी जुळत होता.

"मारा किल्ली," कृष्णात म्हणाला.

मोटार दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा गोदामभर असा काही घुमारा उठला की दारावरची कबुतरं उडाली. भाऊसाहेबांचा हात किल्लीवरच राहिला. चौतीस वर्षांत त्यांनी वाचलेल्या एकाही कागदावर हा आवाज नव्हता.

चंद्रप्रभाबाईंनी मांडीवर फाइल उघडली. इंजिनाच्या थरथरीने अक्षर वेडंवाकडं आलं, पण 'मंजूर' वाचता येत होतं. खाली सही केली, तारीख घातली आणि टोपण लावलं.

"झालं," त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. "आता मला इथून उठवा कुणीतरी. कृष्णात भावजी, तुम्हीच या. ह्यांना विचारलं तर आधी स्मरणपत्र पाठवतील."