एकाच लॅपटॉपवर दोघांनी केलेलं काम

चाकणच्या त्या कारखान्याच्या गेटवर बाहेरून येणाऱ्यांना एकच लॅपटॉप आत नेऊ देत. आम्ही दोघं जायचो आणि आत जाणारा लॅपटॉप कायम माझ्या सहकाऱ्याचा असायचा, कारण गेटवर त्याचीच नोंद आधीपासून झालेली होती. माझा भोसरीच्या ऑफिसात टेबलावर पडून राहायचा. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि त्यालाही नाही.

आमची कंपनी अगदी छोटी. खाली मालकांचं, म्हणजे आमच्या सरांचं, स्वतःचं वर्कशॉप, वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर करणारे आम्ही मोजके लोक. माझा सहकारी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातला. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला ताई. मी संत तुकाराम नगरात वाढलेली. वडील धाराशिवकडून इकडे कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले.

चाकणला पत्र्याचे सुटे भाग बनायचे. त्यातला खराब निघालेला प्रत्येक भाग कामगाराने टॅबलेटवर नोंदवावा, अशी सोय आम्हाला करून द्यायची होती. माहिती साठवणं, तिचे रिपोर्ट काढणं ही मागची बाजू दादाची. पडद्यावर दिसणारं सगळं माझं. पहिल्यांदा मी दोषांच्या प्रकारांची एक लांब यादी केली होती, बोटाने वर सरकवायची. ऑफिसात ती झकास चालली. कारखान्यात हातमोजे घातलेल्या बोटांना ती काही केल्या सरकेना. एका ऑपरेटरने वैतागून टॅबलेट उपडा करून ठेवला आणि आपल्या कामाला लागला. मी तिथेच मशीनजवळ स्टुलावर बसले, दादाचा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि यादी काढून टाकून भागाचं मोठं चित्र टाकलं. जिथे खोट असेल तिथे चित्रावर बोट ठेवायचं, बस. दोन-तीन फेऱ्यांत ते बसलं. त्यानंतर आम्ही जवळपास सगळं काम तिथेच, त्या एका लॅपटॉपवर, आळीपाळीने केलं.

पुढे सरांनी सॉफ्टवेअरचं काम बंद करायचं ठरवलं. आम्हाला समोर बसवून म्हणाले, "मला दोन्हीकडे लक्ष देणं जमत नाही राव. तुम्ही दोघं चांगल्या ठिकाणी लागा. हे काम तुमच्या प्रोफाइलवर दाखवा, माझी ना नाही. फक्त कारखान्याचं नाव नको आणि त्यांचा खरा डेटा नको." कारखान्यालाही त्यांनी आपणहून विचारलं, होकार मिळवला आणि कोड सगळ्यांना दिसेल असा खुला करून दिला.

आमच्या धंद्यात कोड ठेवायच्या साइटवर प्रत्येकाचं एक पान असतं. नोकरी देणारे बायोडेटाच्या आधी ते उघडतात. कोडमधला प्रत्येक बदल ज्याच्या लॅपटॉपवरून गेला, त्याच्या नावावर तिथे दिसतो. मी माझं पान उघडलं. जवळपास रिकामं. दादाचं उघडलं. दीड वर्षाचं सगळं काम तिथे होतं, माझ्या त्या मोठ्या चित्रासकट.

काही दिवसांनी एका कंपनीतून भरतीचं काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. ती नम्रपणे म्हणाली, "मॅम, तुमच्या अर्जात प्रोजेक्ट चांगला वाटतोय, पण त्यात तुमचं नाव कुठेच दिसत नाहीये." मी समजावून सांगितलं. लॅपटॉप, गेट, सगळं. बोलता बोलता माझं मलाच ते बनावट वाटायला लागलं. ती "ओके मॅम" म्हणाली आणि पुन्हा फोन आला नाही.

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "साहेबाकडून सर्टिफिकेट घे की. सहीशिक्क्याचं." मी म्हटलं, सर्टिफिकेट कोणी बघत नाही आता. त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, "विचारून तर बघ."

दादाला मात्र मी काही बोलले नाही. तोही नोकरी शोधत होता, त्याची मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. आणि त्याला सांगायचं तरी काय? तुमचा लॅपटॉप होता, ही तुमची चूक?

मग एका दुपारी त्याचाच फोन आला. आवाज पडलेला.

"ताई, इंटरव्ह्यूतनं बाहेर पडलोय आत्ताच. त्यांनी तुमची ती स्क्रीन उघडली. म्हणले, हे चित्राचं कसं सुचलं तुम्हाला? मी म्हणलं, मला न्हाई सुचलं, आमच्या ताईंना सुचलं. तर ते म्हणले, पण इथं नाव तर तुमचंच हाय."

"मग?"

"मग काय, ते पुढच्या प्रश्नावर गेले. तुम्हाला ठाऊक होतं हे?"

"होतं."

"आणि बोलला न्हाईत?"

मग लगेच तो म्हणाला, "रविवारी घरी या. बसून सरळ करू."

रविवारी पुनावळ्याला गेले. त्यांचं बैठं घर, तिन्ही बाजूंनी उंच सोसायट्या. त्याच्या आईने चहा आणला आणि माझ्याजवळच बसली. "ह्यानं सांगितलं मला. तुजं काम ह्याच्या नावावर लागलं म्हून. आमच्यात सातबाऱ्यावर असंच व्हतं बग. मग तलाठ्याकडं खेटे. तुमच्यात कुणाकडं जावं लागतं?"

"कुणाकडंच न्हाई गं आई, आमीच करायचं," दादा म्हणाला.

त्याचा बेत सोपा होता. मागे जाऊन जुन्या नोंदींमधलं नाव बदलायचं. तसं करता येतं. तो बसलाही होता करायला. मीच थांबवलं. कोडच्या प्रती आता इतरांकडेही गेल्या होत्या. मागची नावं अचानक बदललेली दिसली तर दोघांवरही संशय आला असता. "जे झालं ते तसंच राहू द्या," मी म्हटलं, "आणि शेजारी एक वेगळं पान जोडून त्यावर खरं काय ते लिहू." तो थोडा हिरमुसला. त्याला एका फटक्यात मोकळं व्हायचं होतं.

मग आम्ही पहिल्यापासून एकेक बदल उघडून बघत गेलो. बहुतेकांचं उत्तर लगेच मिळत होतं. हे माझं, हे तुमचं, हे तुम्ही लिहिलं आणि मी निस्तरलं. एका ठिकाणी अडलो. कारखान्यात नेट गेलं की नोंदी टॅबलेटमध्येच थांबून राहायच्या आणि नेट आलं की आपोआप पुढे पाठवल्या जायच्या. त्यावर आम्हाला फार अभिमान होता.

"हे तुमचं," मी म्हटलं.

"न्हाई ताई, हे तुमचं. मला नक्की आठवतंय."

दोघांनाही नक्की आठवत होतं आणि दोघांचं जुळत नव्हतं. शेवटी लिहिलं की हे दोघांनी मिळून केलं, सुरुवात कोणी केली ते आता सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'मी' आणि 'आम्ही' यांच्यात. तो स्वतःच्या कामाबद्दल "मदत केली" असं लिहीत होता आणि मी सगळीकडे "आम्ही" लिहीत होते. मी त्याचं "मदत केली" खोडून "केलं" केलं, त्याने माझी "आम्ही" एकेक करून "तिने" केली. फसलेली यादीही लिहिली. तो म्हणाला होता, फसलेलं कशाला? मला ते गाळवेना. ते पान सरांना दाखवलं, त्यांनी एक ओळ काढायला सांगितली, आणि मग दोघांच्या प्रोफाइलवर सगळ्यात वर लावलं.

त्याला पंधरवड्यात नोकरी लागली. मला नाही. खोटं कशाला सांगू, त्याच्या पेढ्यांचा बॉक्स घरी आला त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. एका मुलाखतीत तर समोरचा म्हणाला, "सगळं दोघांनी केलंत, मग तुम्हाला एकटीला काय येतं?" त्या दिवशी घरी येऊन मी ते पान काढूनच टाकणार होते.

नंतर हिंजवडीत एका कंपनीत बोलावलं. दवाखान्यातल्या नर्सना वापरायच्या स्क्रीन ते बनवायचे. मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांनी पान आधीच वाचलेलं होतं. त्यांनी फक्त त्या फसलेल्या यादीबद्दल विचारलं. ती का केली, कधी कळलं, तो ऑपरेटर नेमका काय म्हणाला. मी सांगत गेले. हातमोजे, स्टूल, चित्र. नर्सही हातमोजे घालतात, हे मला बोलता बोलता लक्षात आलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्या सहकाऱ्याने खाली लिहिलंय ते छान आहे."

मला कळेना. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पानाच्या तळाशी एक परिच्छेद होता, मला न सांगता घातलेला. साधं इंग्रजी, एक स्पेलिंगही चुकलेलं. त्याने लिहिलं होतं, "त्या ऑपरेटरने टॅबलेट उपडा केला तेव्हा मला त्याचा राग आला होता, आणि तिला त्या माणसाचं बरोबर वाटलं होतं. या कामात जे काही नीट चालतं ते त्या फरकामुळे चालतं."

मी ते दोनदा वाचलं.

त्याच आठवड्यात होकार आला. मी त्याला लगेच फोन लावला. मागे बऱ्याच माणसांचे आवाज येत होते.

"मीटिंगीत हाय ताई, पण बोला."

मी सांगितलं. तो फोन कानावरून काढून तिथल्या कोणाला तरी मोठ्यानं म्हणाला, "आमच्या ताईंना लागली नोकरी!" आणि मी कधीही न पाहिलेल्या चार-पाच माणसांनी टाळ्या वाजवल्या.