आहेराची मोटारसायकल

निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून चाळून माझ्या नवऱ्याची छाती पार गेली होती. वैद्यानं तोंडावर सांगितलं, धूळ सोडा, नाहीतर बायकोचा निरोप घ्या. सोडून जायचं कुठं? मालकांची जुनी मोटारसायकल ह्यांना चालवता यायची, तेवढाच काय तो आधार. त्यात मालकांच्या मुलीचं लग्न बेळगावच्या एका वकिलाशी झालं. आहेरात नवी कोरी मोटारसायकल, आणि जावयाला ती चालवता येत नव्हती! मालक ह्यांना म्हणाले, "गाडी नीट पोचीव आन् पावण्यांकडंच ऱ्हा चालवायला." मी देवापुढं बसून रडले. आनंदानं हो.

आता ह्यांनी गाडीवर बसून सरळ बेळगाव गाठायचं की नाही? पण मालकांचे मामा आडवे आले. आहेराची वस्तू कोरीच पोचली पाहिजे, जावई बसल्याशिवाय चाक रस्त्याला लागायचं नाही. नेसलेलं लुगडं कुणी आहेरात देतं का, म्हणे. मुंबईहून ती ज्या लाकडी खोक्यातून आली, ते खोकं लग्नाच्या चुलाणात केव्हाच जळून गेलं होतं. मग काय, बैलगाडी!

गाडीवानाला तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च दाबलेली पोती, बांधायची सवय. तसेच आडवेतिडवे दोर टाकून त्यानं ती उभी बांधली. टाकीच्या सोनेरी पट्ट्याला दोर घासू नयेत म्हणून मामांनी दोरांखाली वाकळा घालायला लावल्या. दोर असे ताठ दिसत होते की आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आता हत्ती आला तरी हलायची नाही. मी संसाराचं गाठोडं घेऊन मागं बसले. मामा गाडीवानाशेजारी, हे पायी.

तवंदीच्या घाटाला लागलो आणि धक्क्यांनी वाकळा चेपल्या. बोद एकदा बसला की बसतो. ह्या बयेला खाली स्प्रिंगा! प्रत्येक खड्ड्याला दबायची, उसळायची आणि दोर ढिले. चाकाला दगड लावून गाडीवानानं दोर आवळले. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. हे मागून चढले आणि हँडल धरून उभे राहिले, खोकत.

"मामा, उतरवूया. घाट सरंपतोर मी ढकलत नेतो."

"आन् चाकाला माती लागली तर? नोकरी ऱ्हाईल का रं तुझी?"

"आवं, चाक धुऊन दिऊ की!" मी ओरडले.

"तू गप गं."

नोकरी म्हटल्यावर हे गप्प झाले. मीही झाले. मुडदा बशिवला त्या चाकाचा, त्याला भिऊन आम्ही दोघं जिवंत माणसं तोंड मिटून बसलो.

वरच्या वळणावर बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं. मोटारसायकल कलली. ह्यांना उडी टाकता आली असती. त्यांनी उलट डावा हात मध्ये घातला. हँडल आणि बैलगाडीचा कठडा, त्यात बोटं चेचली. मी किंचाळले. गाडीवानानं आणि मामांनी मिळून ती सरळ केली तेव्हा कुठं हात सुटला. हे पांढरेफटक पडले होते. पहिला शब्द काय बोलावा? "पडली न्हाय न्हवं?"

संकेश्वरात एकानं हाडं बसवून पट्टी बांधली. बेळगावच्या अलीकडं काकती येईपर्यंत हात वांग्यासारखा निळा झाला होता.

वकिलांच्या अंगणात मामांनी टाकीवरून हात फिरवला. "एक ओरखडा न्हाय बघा!" गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं. वकील हौसेनं मागच्या सीटवर बसले. "चला, कोर्टापर्यंत एक चक्कर."

ह्यांनी किक मारली. गाडी सुरू झाली. पण क्लच डाव्या हाताला. बोटं मिटेनात. उजवा हात आडवा नेऊन त्यांनी क्लच दाबला, तर उजवीकडची रेस सुटली; क्लच सोडताच गाडी हिसका देऊन बंद पडली. पुन्हा किक, पुन्हा बंद. घामानं थबथबून त्यांनी माझ्याकडं बघितलं. देवा, ते बघणं! माझा जीव तुटला.

"साहेब, चार दिस थांबा. हात बरा हुईल," मी पदर पसरून म्हटलं.

वकील वाईट नव्हते. खाली उतरले, हात बघितला. "डॉक्टरला दाखवा. पण बाई, मला माणूस आजपासून पाहिजे. ही बोटं आता वळायची नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याच बैलगाडीतून परत फिरलो. वाटभर मी मामांना वाटेल ते बोलले. तुमच्या कोऱ्या चाकापायी माझ्या माणसाचा हात गेला, आता जीवही जाईल, म्हटलं.

शेवटी ह्यांनीच माझं मनगट धरलं. "गप बस गं. मामास्नी दुखवू नगंस," ते खोकत म्हणाले. "एका हाताच्या माणसाला वखारीत घ्या म्हणून त्येंनाच मालकाकडं शबूद टाकाय लागंल."