मुरुडच्या समुद्रावर

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी, आम्ही दोघांनी मुरुडच्या समुद्रावर जायचं ठरवलं होतं. ती सहल मीच नासवली. बायकोला घेऊन फिरायला चाललोय, हे वडिलांना सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून आई, दादा आणि वहिनीलाही सोबत चला म्हणालो. नगरच्या स्टँडवर एसटीत चढतानाच बायकोचा चेहरा उतरला.

मुरुडला भाड्याच्या खोलीत ती स्टोव्हपाशी बसून सगळ्यांच्या भाकऱ्या करायची. दादासमोर तिच्या शेजारी चालायची मला लाज वाटायची, म्हणून मी त्याच्याबरोबरच किनाऱ्यावर फिरायचो.

निघायच्या दिवशी मी विचारलं, "आवडला का समुद्र?"

"आईंना विचारा. त्यांनी पाहिलाय."

मी तिच्यावरच भडकलो. "एवढं आणलं तरी तोंड वाकडंच!"

त्या वाक्याचा संताप आजही येतो, आणि तो सगळा माझ्यावरच.

घरी आल्यावर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी एकदा सगळे जेवत असताना, वडिलांच्या देखत, मी तिला म्हणालो, "मी घाबरलो आणि तुझी सहल मोडली. वर तुलाच बोललो. मला माफ कर."