विश्रामसाठी घातलेलं गाऱ्हाणं

कट्टा गावाजवळच्या काजूच्या कारखान्यात सत्यवती कामाला होती, पण काजू सोलत नव्हती. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची. दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. पण सत्यवती जेवणाच्या सुट्टीत कादंबऱ्या वाचून दाखवायची आणि तिच्याशिवाय बायकांना करमेना. शेवटी त्यांनीच तोडगा काढला: तिच्या वाटणीचे गर बाकीच्यांनी सोलायचे, तिने दिवसभर वाचायचं. मालकाने आधी कपाळाला हात लावला. मग तोही दाराशी खुर्ची टाकून ऐकू लागला.

वाचण्यात सत्यवतीचा हात धरणारी पंचक्रोशीत कोणी नव्हती. फक्त एक खोड होती. तिला दुसऱ्याचं रडणं बघवत नसे.

त्या महिन्यात जी कादंबरी चालू होती, तिचा नायक विश्राम. आई अंथरुणाला खिळलेली असताना हा गडी तिला बहिणीवर टाकून निघून गेला. आई गेली, आणि पुढची तीनशे पानं तो बहिणीची क्षमा मागायचं धैर्य गोळा करत हिंडला. पहिल्या आठवड्यात बायकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना त्याच्या जेवणाखाण्याची काळजी लागली. शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा सगळ्यांत थोरल्या रुक्मिणीकाकींना राहवेना. देवळात पुरुष मानकरी देवाला साकडं घालतात तसं गाऱ्हाणं त्यांनी तिथेच, काजूच्या ढिगासमोर नारळ ठेवून घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो आमचो विश्राम चुकलो खरो, पन आता वठणीर इलो आसा. भयणीन त्येका दारातसून घालवूचा नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या ओरडल्या. सगळ्यांत मोठा आवाज लिंडाचा, जी एकाही रविवारी चर्च चुकवत नाही.

सत्यवतीने शेवटचं पान उलटलं. बहीण दार उघडत नाही. विश्राम पायरीवरूनच परत फिरतो, आणि कादंबरी संपते. तिने वर बघितलं तर सगळ्यांचे हात थांबलेले. मग तिने आयुष्यात पहिल्यांदाच पुस्तकात नसलेलं वाचलं. बहिणीने दार उघडलं आणि विचारलं, "जेवलास का?" बायकांनी डोळे पुसले, नारळ फोडला, खोबरं वाटून खाल्लं.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी लिंडा नाचतच आली. तिचा भाऊ ॲरोन आईच्या शेवटच्या आजारपणात फोन बंद करून गोव्यात मजा करत राहिला होता. नऊ वर्षं लिंडा त्याच्याशी बोलली नव्हती.

"काल त्येका फोन केलंय," ती म्हणाली. "ऐतवारी जेवूक येता. त्या भयणीन दार उघडल्यान, मगे मी कोण मोठी लागून गेलंय?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यवतीला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. एवढी मोठी क्षमा, आणि ती आपल्या थापेवर उभी! खरं सांगावं तर लिंडा दार लावून घेईल. न सांगावं तर तिला फसवलं. तीन दिवस ती कुढली आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर उभी राहिली.

"त्या भयणीन दार उघडूक नाय. मी खोटा वाचलंय. लिंडा, माका माफ कर गो."

रुक्मिणीकाकींनीच तोंड उघडलं. "अगो, पुस्तक कधी छापला? आनि गाऱ्हाणा कधी घातला? लिवणाऱ्याक काय सपान पडला होता, आमी गाऱ्हाणा घालतलव म्हणान? आधीच घातला असता तर तेना बरोबर लिवला असता!"

सगळ्यांना हे एकदम पटलं. मालकालासुद्धा. पण सत्यवतीची नजर लिंडावर खिळलेली होती. लिंडाने पदराला हात पुसले, पुस्तक मागून घेतलं आणि शेवटचं पान दोनदा वाचलं.

"सत्यवतीबाय," लिंडा म्हणाली, "ऐतवारी तू पन जेवूक ये. येताना ह्या पुस्तक घेवन ये आनि ॲरोनासमोर ह्याच पान वाच, छापलाहा तसाच. त्येका कळूक होया, थोडक्यात सुटलो तो!"